जिन्यातली नऊ मीटरं: शामरावनगरच्या एका अपार्टमेंटचं प्रकरण

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी किती फुटांवर?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, ते कराडला कधी पोचणार आणि आपल्याकडं कधी, हे हिशेब चहाच्या गाड्यावर होतात. आकडा चढायला लागला की कुणी सांगायची वाट न बघता माणसं गाड्या उंचावर नेऊन लावतात, धान्य माळ्यावर टाकतात, गॅसची टाकी वर घेतात. अख्खं गाव एकच आकडा वाचतं आणि त्यावर हालतं.

आमच्या अपार्टमेंटला अशीच सवय विजेच्या मीटरच्या बाबतीत लागली. ती कुणी ठरवून लावली नाही, महापुरामुळं लागली. त्यातून कुठल्या घरानं वीज वाचवायला सुरुवात केली, कुठलं घर अजिबात हललं नाही आणि दोन्हीमागं काय कारणं होती, ते सविस्तर मांडून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवतो आणि याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्यामुळं हे त्रयस्थाचं निरीक्षण समजू नये. मी यात पहिल्यापासून गुंतलेला आहे. शेजाऱ्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत.

घरं आणि त्यांची बिलं

खाली पार्किंग, वर तीन मजले, आठ फ्लॅट, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर एक आजी, त्यांचा मुलगा, सून आणि तेव्हा सातवीत असलेली नात. शेजारी हळदीच्या पेढीवर दिवाणजी असलेल्या काकांचं सात माणसांचं एकत्र घर. त्याच मजल्यावर एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी; त्यांचा मुलगा पुण्याला असतो. दुसऱ्या मजल्यावर आम्ही, दोघंही नोकरी करणारं एक तरुण जोडपं, आणि इंजिनिअरिंगच्या चार पोरांना भाड्यानं दिलेला फ्लॅट. तिसऱ्यावर मिरजेला हॉस्पिटलात नर्स असलेल्या ताई आणि त्यांचं कुटुंब. त्यांच्या समोरचा फ्लॅट कायम कुलूपबंद, मालक मुंबईला. नववं मीटर सामायिक: पाण्याची मोटर, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे.

२०१९ पर्यंत ही सगळी मीटरं पार्किंगमध्ये जिन्याखाली होती. पुढं स्कूटर लावलेल्या, वर जळमटं. रीडिंग घेणारा मुलगा महिन्यातून एकदा वाकून फोटो काढायचा, तेवढाच त्यांचा माणसांशी संबंध. आमच्याकडं दुधाचा खाडा कॅलेंडरवर रोज लिहिला जातो. कोणत्या तारखेला अर्धा लिटर जादा घेतलं ते महिनाअखेरीला बोट ठेवून दाखवता येतं. विजेचं मात्र महिन्याचं एकच बिल, तेही वापर होऊन गेल्यावर हातात पडणारं.

आणि ते हातात पडायचं तरी कुणाच्या? हे मी नंतर एकेका घराबद्दल विचारून बघितलं. शिक्षक जोडप्याचं बिल पुण्याचा मुलगा मोबाईलवरून भरायचा. घरात किती युनिट जळतात हे दोघांनाही माहीत नव्हतं. दिवाणजी काका बिल खिशात घालून परस्पर भरून यायचे, स्वयंपाकघरातल्या तिन्ही बायकांना ते कधी दिसलंच नव्हतं. पोरं चौघांत वाटून घ्यायची, त्यामुळं एकानं रात्रभर पंखा आणि कॉम्प्युटर चालू ठेवला तरी त्याला चौथा हिस्साच लागायचा. बटण दाबणारा आणि पैसे मोजणारा माणूस एकच आहे असं घर आठात जेमतेम तीन. "वीज वाचवा, पैसे वाचवा" हा उपदेश ज्याच्या कानावर पडायचा त्याच्या हातात बटण नव्हतं, आणि जिच्या हातात बटण होतं तिच्यापर्यंत पैशाचा विषय पोचत नव्हता.

१४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. २०१८ साली त्या निमित्तानं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये फळ्यावर गणित मांडलं होतं. साधा पंखा ७५ वॉटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा २८ वॉटचा. दिवसाला १२ तास धरले तर महिन्याला सतरा युनिटं वाचतात. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा झाला, आणि एकाही घरात पंखा बदलला नाही. "आम्ही लाईट बंद करतोच की ओ," असं तिघा-चौघांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. ९ वॉटचे एलईडी बल्ब तोवर सगळ्यांकडं आले होते, स्वस्तात एलईडी देणाऱ्या २०१५ च्या उजाला योजनेत निम्म्यांनी घेतलेले. पण ९ वॉटचा बल्ब रात्रभर दहा तास चुकून चालू राहिला तर जेवढी वीज जाते तेवढी २००० वॉटचा गिझर तीन मिनिटांच्या आत खातो. दिवा डोळ्यांना दिसतो म्हणून तो बंद करायचं भान राहतं. गिझर बाथरूमच्या वरच्या कोपऱ्यात मुकाट असतो.

त्याच मीटिंगमध्ये एक गैरसमजही समोर आला. आपल्याकडं घरगुती विजेला १०० युनिटांपर्यंत एक दर आणि १०१ ते ३०० ला जवळपास त्याच्या दुप्पट. वरचा दर शंभराच्या पुढच्या युनिटांनाच लागतो. पण निम्म्या इमारतीची समजूत अशी होती की शंभरी ओलांडली की सगळंच बिल वरच्या दरानं. त्याचा परिणाम विचित्र. ९०-९५ वर असणारं घर जपून वापरायचं, आणि १३० वर गेलेलं घर म्हणायचं, "आता ओलांडलीच आहे, कशाला जीव काढायचा?" प्रत्यक्षात त्याच घराला एकेक युनिट वाचवण्याचा फायदा सगळ्यात जास्त होता, कारण त्याचं वाचणारं युनिट महागातलं होतं. मी हे त्या दिवशी समजावून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, एवढंच.

मीटर वर आलं

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं पार्किंग बुडालं, मीटरचा बोर्ड बुडाला. आम्ही आठवडाभर विश्रामबागेत पाहुण्यांकडं होतो. परत आलो तेव्हा मीटरच्या काचेआड गाळ बसला होता. खांबावर पाण्याची रेघ दिसत होती. ती आम्ही नंतर ऑइलपेंटनं पक्की केली. नवा बोर्ड बसवायची वेळ आली तेव्हा वायरमन म्हणाला, "सर, पुन्हा तिथंच बसवलं तर पुढच्या पुरात पुन्हा हेच. वर घ्या." वर्गणी काढली आणि सगळी मीटरं पहिल्या मजल्याच्या जिन्यावर, चौकात, डोळ्यांच्या उंचीवर आली. वीजबचतीचा विचार त्यात कुणाच्याही मनात नव्हता. पण आता दूध आणायला जाणारा, शाळेतून येणारा, गच्चीवर वाळवण घालायला निघालेला प्रत्येकजण दिवसातून चार वेळा नऊ मीटरांसमोरून जायला लागला.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारका लाल दिवा असतो. वीज जाईल तसा तो लुकलुकतो. आमच्या मीटरवर छापलंय की ३२०० वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट. त्यामुळं घरात एकटा फ्रिज चालू असेल, साधारण १०० वॉट, तर दिवा अकरा सेकंदांनी एकदा डोळा मिचकावतो. गिझर चालू केला तर सेकंदाला जवळजवळ दोनदा. आकडे वाचायची गरजच नाही. नऊ दिवे शेजारी शेजारी असले की कुठलं घर कशा चालीनं चाललंय ते बघताक्षणी कळतं.

२०२० च्या जानेवारीतली एक रात्र. साडेदहाच्या सुमारास मी खालून वर येत होतो. आजींची नात मीटरसमोर उभी होती, तिच्या हातात वडिलांचं घड्याळ.

"काका, आमचा दिवा बघा की. आम्ही सगळी झोपायला चाललोय, तरी मीटर पळायलंय."

मी बघितलं. खरंच पळत होतं. काय असेल याचा मला अंदाज आला होता, पण सांगितलं नाही. "घरात काय काय चालू आहे ते एकेक बंद करायला सांग," म्हटलं. तिनं दारातून हाक मारली. वडिलांनी टीव्ही बंद केला; दिव्याची चाल तीच. फ्रिजचं बटण बंद केलं. किंचित फरक, जाणवेल न जाणवेल असा. आईनं राऊटर काढला, काहीच नाही. मग आजी आतून म्हणाल्या, "बाथरूमचं बघा गं." गिझरचं बटण बंद झालं आणि लाल दिवा एकदम थबकला. फ्रिज परत लावल्यावर नात मोठ्यानं मोजायला लागली. अकराला पुढचा लुकलुकाट आला आणि ती हसली.

आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. "म्हणजे सकाळपासनं पाणी तापतंच राहिलं म्हणायचं. आमचा बंब बरा होता. विझला की कळायचं तरी."

हे वाक्य मी अनेकदा वर्गात सांगितलंय. बंब पेटवायचा म्हणजे चिपाडं, ढलप्या, नारळाच्या शेंड्या आणून ठेवायच्या, धूर सोसायचा. जळण किती उरलं ते डोळ्यांसमोर असायचं. म्हणून घराची एक शिस्त होती: बंब पेटलाय तोवर एकामागून एक आंघोळी उरकायच्या. गिझर आला आणि ती पाळी मोडली. कुणी सहाला, कुणी आठला, कुणी दहाला, आणि मधल्या वेळात टाकीतलं पाणी निवायचं, पुन्हा तापायचं. दुसऱ्या दिवशीपासून आजींनी बंबाची पाळी परत आणली. सहाला गिझर चालू, सातच्या आत सगळ्यांच्या आंघोळी, बटण बंद. त्या घराच्या वापरात या एका गोष्टीनं जो फरक पडला तो बाकी सगळ्या युक्त्यांनी मिळून पडला नाही. आजींना यात काही नवं शिकावं लागलं नव्हतं. त्यांची जुनी सवय गिझरपर्यंत पोचायची राहिली होती, तेवढी पोचली.

फळा, आणि त्यावरून झालेली भांडणं

त्या रात्रीनंतर नातीनं सोसायटीच्या सूचनाफलकावर दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांची रीडिंग लिहायला सुरुवात केली. फ्लॅट नंबर, मागचा आकडा, आताचा आकडा, फरक. पहिल्याच महिन्यात सगळे फळ्यासमोर उभे राहिले, आणि पहिल्या काही महिन्यांतच तीन अडचणी आल्या.

दिवाणजी काका चिडले. सगळ्यात मोठा आकडा त्यांचा होता. "आमच्या घरचं मीटर दुसऱ्यानं का वाचायचं? आम्हाला बिल भरायला जमत नाही का?" त्यांचा राग मला पटला. सात माणसांच्या घराची तुलना दोन माणसांच्या घराशी करणं हा अन्यायच होता. शिवाय आपल्या समाजात काटकसरीला मान असला तरी कंजूष म्हणवून घ्यायला कुणालाच आवडत नाही, आणि दोहोंतली रेघ फार बारीक असते. पाहुणे बसलेले असताना कुणी उठून पंखा बंद केला तर ते काटकसर म्हणून घेतलं जात नाही.

दुसरी अडचण उलट्या बाजूची. तरुण जोडप्याचा आकडा खालून दुसरा होता. ते बघून ते निर्धास्त झाले. "आपलं तर कमीच आहे," म्हणून उन्हाळ्यात एसी जास्त वेळ चालवला गेला. असं होतं हे जगात इतरत्रही दिसलेलं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावी २९० घरांवर एक प्रयोग झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. शेजाऱ्यांचा सरासरी वापर कळवल्यावर जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवला. ज्यांच्या चिठ्ठीवर हसऱ्या चेहऱ्याचं चित्र काढून शाबासकी दिली होती, त्यांचा मात्र वाढला नाही. एवढंसं चित्र, पण "तू बरोबर करतोयस" हे सांगणारं.

तिसरी अडचण कमिटीनं स्वतः ओढवून घेतली, आणि त्या ठरावाला माझाही हात वर होता. ज्याचा वापर सगळ्यात जास्त घटेल त्याला मेंटेनन्समध्ये २०० रुपयांची सूट, असं ठरलं. दोन महिन्यांत जिन्यात वेगळीच भाषा सुरू झाली. "ते महिनाभर गावाला होते, त्यांचं कमी येणारच." "आमच्याकडं बाळंतीण होती, ते धरलं का?" तोवर कौतुकानं फळा बघणारी माणसं आता एकमेकांच्या आकड्यात खोट शोधायला लागली. शिवाय २०० रुपये न मिळणाऱ्यांनी लक्षच काढून घेतलं. दिल्ली परिसरातल्या घरांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच आढळलं होतं: शेजाऱ्यांशी तुलना दाखवल्यावर उन्हाळ्यातला वापर सुमारे ७ टक्के घटला, पण त्याच तुलनेला पैशाचं बक्षीस जोडलं तेव्हा तो परिणाम नाहीसा झाला. मला हा अभ्यास आधी वाचनात आला असता तर मी हात वर केला नसता. पैसा आला की आपुलकीनं चाललेलं काम मजुरी वाटायला लागतं, आणि मजुरी म्हणून २०० रुपये कुणालाच पुरत नाहीत.

बक्षीस बंद केलं. फळ्यावरची मांडणी नातीनंच बदलली. आता प्रत्येक घराची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या बिलावर छापलेल्या गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. आकडा घटला असेल तर शेजारी खडूनं एक पणती. वाढला असेल तर काहीच नाही, फक्त आकडा.

टाळेबंदीनं फळ्याला किंमत आली

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. रीडिंग घ्यायला येणं बंद झालं. बिलं सरासरीवर आली आणि जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग होऊन तीन महिन्यांचा हिशेब एकदम हातात पडला. राज्यभर तेव्हा केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्या जिन्यातही आवाज चढले होते. एके सकाळी दिवाणजी काका बिल घेऊन फळ्यासमोर उभे राहिले. टाळेबंदीतही पोरीनं एक तारीख चुकवली नव्हती. मास्क लावून एप्रिल, मे, जूनचे आकडे लिहिले होते. काकांनी पेढीवर खतावणी ताडतात तसं बोट ठेवून बिलातलं रीडिंग आणि फळ्यावरचं रीडिंग ताडलं. जुळलं. सगळी घरात होती, उन्हाळा होता, वापर खरंच तेवढा झाला होता.

ज्या माणसाला फळ्याचा सगळ्यात जास्त राग होता तो त्या दिवसापासून फळ्याचा राखणदार झाला. पुढच्या महिन्यापासून काका स्वतःच्या हातानं आपला आकडा लिहायला लागले. मला वाटतं, या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथं घडली. काकांना पैसे वाचवायचे होते असं नाही. आपल्या घरचा हिशेब दुसऱ्याच्या हातात नसावा, ही त्यांची गरज होती. आयुष्यभर जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला तो हिशेब परत मिळाला, आणि हिशेब हातात आल्यावर गळती आपोआप दिसायला लागली.

एकेका घराचं एकेक कारण

काकांच्या घरी त्याच वर्षी पंखेही बदलले, पण बिलासाठी नव्हे. त्यांच्याकडं इन्व्हर्टर होता. पावसाळ्यात लाईट गेली की तीन पंख्यांवर बॅटरी लवकर बसायची आणि लहान नातवंडं रडत उठायची. ७५ वॉटच्या जागी २८ वॉटचा पंखा लावला तर तीच बॅटरी दुपटीहून जास्त वेळ पुरते, हे मी त्यांना सहज बोलता बोलता सांगितलं. पुढच्या आठवड्यात तीन पंखे आले. सतरा युनिटांचं माझं गणित दोन वर्षांपूर्वी याच काकांनी ऐकलं होतं. बचतीपेक्षा रात्रीची झोप त्यांना जवळची होती.

तरुण जोडप्याला बाळ झालं आणि एसी बंद होणं शक्यच राहिलं नाही. नर्स ताईंनी त्यांना सांगितलं, "बाळाला १८ वर ठेवू नका, नाक कोंडतंय. २४-२५ वर ठेवा, पंखा हळू लावा." त्यांनी तो सल्ला लगेच मानला. माझा मानला नव्हता. अमेरिकेत लॉस एंजेलिसला विद्यापीठाच्या ११८ घरांवर केलेल्या अभ्यासात असंच काहीसं दिसलं होतं: किती पैसे जातायत हे कळवलेल्या घरांचा वापर घटला नाही, विजेमुळं होणारं प्रदूषण आणि मुलांचा दमा यांचा उल्लेख केला त्या घरांचा ८ टक्के घटला. तरीही बाळाच्या वर्षी या जोडप्याचा एकूण आकडा वाढलाच. त्यांच्या ओळीत पणती आली नाही, आणि त्यात चूक काही नव्हतं.

शिक्षक जोडप्याच्या घरी नातीनं पंधरा दिवसांनी आकडा वहीत लिहून दिला. बाईंनी तो पुण्याच्या मुलाला फोनवर सांगायला सुरुवात केली. मुलाला बिल आईकडून कळायला लागलं, आईला त्याच्याशी बोलायला एक विषय मिळाला. त्या घरात काय बदललं ते नेमकं सांगता येत नाही, पण पणत्या बऱ्याच मिळाल्या.

कुलूपबंद फ्लॅटचं मीटरही लुकलुकत होतं. मालकांना मुंबईला फोन केला. ते आले, कुलूप काढलं; रिकामा फ्रिज चालू आणि इन्व्हर्टर प्लगला. किती वर्षं, कुणास ठाऊक.

पोरांच्या फ्लॅटवर मात्र आम्ही हरलो. पंखे मालकाचे, जुने, घरघरणारे. बिल पोरांचं. मालकाला नवे पंखे घेऊन फायदा नाही. पोरं दोन वर्षांत जाणार, ती का घेतील? इथं कुठलीही जाणीव, कुठलाही फळा चालत नाही. ज्यानं खर्च करायचा त्याला बचत मिळत नाही, ही गाठ करारातच सोडवावी लागते. मी मालकांशी दोनदा बोललो. अजून जमलेलं नाही.

सामायिक मीटरचं दुखणं सोपं होतं. टाकी भरून वाहत असायची आणि एक एचपीची मोटर चालूच, कारण ती बंद करणं हे कुणाचंच काम नव्हतं. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा लेव्हल कंट्रोलर बसवला, प्रश्न मिटला. माणसाच्या स्वभावाशी झगडण्यापेक्षा जिथं यंत्र बसवता येतं तिथं ते बसवावं, असं माझं मत आहे.

जे वाचवायचं नाही

एका गोष्टीला कुणी हात लावला नाही, आणि मी तो विषयही काढला नाही. तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवायचं नाही. देवाजवळचा दिवा, दाराबाहेरचा दिवा, बैठकीतला दिवा लागलाच पाहिजे, माणूस आत असो वा नसो. आजी दिवसभर पोरांच्या मागं पंखे बंद करत फिरायच्या, पण सात वाजता रिकाम्या खोलीतला दिवा लावून यायच्या. कुणी तिथं जाऊन "वीज वाया जाते" म्हणालं असतं तर त्यानंतर त्या माणसाचं त्या घरात कुणी ऐकलं नसतं, गिझरबद्दलही नाही. तो दिवा ९ वॉटचा आहे. घराला काय पवित्र वाटतं ते ओळखून तेवढं बाजूला ठेवलं, की बाकीचं बोलणं सोपं जातं.

कोळसा, हवामान, धूर यांबद्दल मी पुष्कळ बोललो होतो. ते इथं फार दूरचं ठरलं. कोयनेचं मात्र थोडं लागू पडलं. पुराचं पाणी जिच्यातून येतं तीच कोयना १९६० मेगावॉटची वीज करते, आणि तीही मुख्यतः संध्याकाळी मागणी चढते तेव्हा, हे नातीला इतकं पटलं की तिनं इस्त्री आणि मिक्सरची कामं संध्याकाळची सकाळवर ढकलायला आईला भाग पाडलं. एकट्या घराला असं करणं जड जातं, सगळ्यांनी मिळून केलं तर जात नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि मुलांच्या अभ्यासासाठी घरोघरचे टीव्ही, मोबाईल बंद होतात. एखाद्याच घरानं ते केलं असतं तर पोरांनी दंगा केला असता. सगळ्यांकडं बंद आहे म्हटल्यावर दंगा करायला जागा उरत नाही.

काय टिकलं

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. पार्किंग पुन्हा बुडालं, पण मीटरं कोरडी राहिली. खबरदारी म्हणून वीज बंद होती तेव्हा नऊही दिवे विझलेले. परत सुरू झाली त्या दुपारी आम्ही सगळे जिन्यात उभे होतो. काकांनी सगळ्यांना थांबवलं, "एकदम सगळं लावू नका रे," आणि एकेका घरातलं एकेक यंत्र सुरू होताना दिवे हळूहळू जिवंत होताना बघितले.

नात दहावीला गेली तेव्हा फळा थांबला. काकांनी तीन महिने चालवला, मग त्यांचे डोळे दुखायला लागले. फळा थांबल्यावर काय टिकलं ते मी लक्ष देऊन बघत होतो. विकत आणलेल्या गोष्टी अर्थातच टिकल्या: पंखे, लेव्हल कंट्रोलर. बंबाची पाळी टिकली, आणि ती आजींच्या घरातून आमच्याही घरात आली. एसीचं २४ अर्धवट टिकलं. पाहुणे आले की १८ वर जातो. मोबाईलचे चार्जर, टीव्हीचं मागचं बटण यांसारख्या लक्षात ठेवून करायच्या बारक्या गोष्टी चार महिन्यांत विरल्या. त्यांच्यासाठी फळ्याची नजर लागत होती.

आता गच्चीवरच्या सोलरचा विषय चालू आहे. २०२४ च्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागं १८,००० रुपयांचं अनुदान आहे, त्यात मोटर आणि जिन्यातले दिवे भागतील. घरगुती जोडणीसाठी प्रत्येकाला गच्चीचा हिस्सा हवाय, आणि गच्चीवर वाळवणाची जागा कुणाची यावर दोन मीटिंगा झाल्या. पहिल्या मजल्यावरच्यांचं म्हणणं वेगळं, तिसऱ्यावरच्यांचं वेगळं. काही ठरलेलं नाही. ठरलं ते एकच, आणि ते कुणी मांडायच्या आधीच सगळ्यांनी धरून चाललं होतं: सोलरचा इन्व्हर्टर गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये कुठंही बसवायचा नाही. तो मीटरांच्या शेजारी, जिन्यातच लागेल, आणि त्याचा आकडा दाखवणारी बाजू येणाऱ्या-जाणाऱ्याकडं तोंड करून.